बांध फोडायचं बोलावणं

खडकीच्या आमच्या बाल्कनीत कुंड्यांमागे एक फावडं असायचं. आलेला पाहुणा हमखास विचारायचा, "शेती करता का?" आई म्हणायची, "हो, मोरीत भात लावलाय." खरं तर ते कोकणातल्या आमच्या गावच्या बांधासाठी होतं. खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून तिथे मातीचा लांब बांध होता, आणि दरवर्षी घरटी एका माणसानं त्याच्या डागडुजीला जायचं, अशी रीत. वडील कारखान्यातून रजा काढून जायचे, निवृत्तीनंतरही गेले. गावात आमचं घर उरलं नव्हतं. शेताचा एक तुकडा आणि हे वर्षाचं बोलावणं, एवढंच उरलं होतं.

मग एकदा चुलतभावाचा फोन आला. वादळात बांधावरून पाणी येऊन त्याच्या घरात गुडघाभर साचलं होतं. शेती तर केव्हाच पडीक. आता गावानं ठरवलं होतं, बांध फोडून भरतीचं पाणी आत घ्यायचं. तिथे पुन्हा खारफुटी आणि खारं गवत वाढलं, की लाटांचा जोर तेच मोडेल. फोडायच्या जागेला लागून आमचा तुकडा, म्हणून वडिलांची संमती हवी होती.

"म्हणजे पाणी अडवायला पाणीच आत घ्यायचं?" वडिलांनी मला विचारलं. मी शिकलेली, म्हणून. मी समजावत गेले आणि मधेच माझंच डोकं चालेना. गवत समुद्राला अडवणार? वडिलांनी शेवटी हो म्हटलं ते पुतण्याच्या घरासाठी, पटलं म्हणून नव्हे.

रीतीप्रमाणे फोडायलाही घरटी माणूस बोलावला. वडील फावडं घेऊन निघाले, सोबत मी. ओहोटीला सगळ्यांनी खणलं, वडिलांनीही. पण भरतीचं पाणी आत शिरताच ते खाली वाकले आणि चिखलाचा गोळा उचलून त्यांनी त्या भगदाडावर थापला. मग दुसरा. त्यांना आवरावं की तिसरा गोळा हातात द्यावा, मला खरंच कळेना.

"काका, ऱ्हाऊ द्या आता," चुलतभाऊ हळूच म्हणाला. "येऊ द्या पाणी."

पाणी घोट्याला लागलं तेव्हा वडील बाजूला झाले.

घरी आल्यावर त्यांनी फावडं धुतलं, पुसलं, तेल लावून कुंड्यांमागे ठेवलं. मी म्हटलं, "बाबा, गवत वाढलं की बघायला जाऊ."

"ते आपलं आपण वाढतं ना?"

"हो."

"मग मला कशाला बोलावतील?"