सुईत दोरा नव्हता

रविवारी इथे न्यूझीलंडमध्ये आमच्या अवोन्डेलच्या मार्केटमधून मेथीच्या दोन जुड्या घेतल्या आणि तिथूनच सिटीतली आर्ट गॅलरी गाठली. माझी नऊ वर्षांची लेक इरा, मी आणि पुण्याहून आलेली माझी आई... शनिवारी आईची परतीची फ्लाइट, म्हणून हा सगळा उत्साह.

तिथे व्हिक्टोरियन काळातली चित्रं लावली होती. गाईडबाई माओरीत नमस्कार करत म्हणाल्या, "किया ओरा! चित्राचं नाव वाचू नका. गोष्ट चित्रातल्या वस्तूंमध्ये लपवलेली असते, ती शोधा." हे म्हणजे माझ्या आवडीचं काम... मी लगेच पुढे सरसावले.

एका चित्रात एक तरुण दाराशी उभा. पायाशी ट्रंक, खिडकीबाहेर जहाज, टेबलावर न प्यायलेला चहा. आणि त्याची आई मान खाली घालून शर्टाला बटण लावतेय... त्याच्याकडे बघतसुद्धा नाही.

"शी इज सो मॅड ॲट हिम," इरा म्हणाली. मीही मान डोलावली. मुलगा हट्टाने परदेशी निघाला, आई रागावली... केस क्लोज्ड!

माझी एवढी खात्री उगाच नव्हती. अकरा वर्षांपूर्वी मी न्यूझीलंडला निघाले तेव्हा कॅब खाली उभी होती आणि आई मेथी निवडत बसली होती. मी नमस्कार केला तरी तिने मान वर केली नाही. तिचा राग अजून गेला नसणार, असंच मी धरून चालले होते... विचारायची हिंमत काही झाली नाही.

आई मात्र चित्राच्या इतकी जवळ गेली की गाईडबाईंनी तिला हळूच मागे घेतलं. आयुष्यभर साड्यांना फॉल लावलेली बाई ती!

"रागावली नाहीये गं ती," आई म्हणाली. "सुईत दोराच नाहीये."

आम्ही वाकून पाहिलं. खरंच नव्हता... मी सांगितल्यावर गाईडबाईही चष्मा लावून बघत राहिल्या.

"देन व्हाय इज शी सोइंग, आजी?" इराने विचारलं.

"वर बघितलं तर रडू येईल ना. मग त्याचा पाय कसा निघेल?" आई म्हणाली. मग चित्राकडेच बघत म्हणाली, "मीसुद्धा त्या दिवशी निवडलेलीच मेथी परत निवडत होते."

अकरा वर्षं मी माझ्याच आईची गोष्ट चुकीची वाचत होते.

संध्याकाळी आम्ही दोघींनी समोरासमोर बसून मेथी निवडली. शनिवारी एअरपोर्टवर आईला निरोप देताना मी रडू लपवायला फोनमध्ये डोकं घालणार नाहीये... रडू आलं तरी तिच्याकडे बघणार आहे.