महाल ते कळमेश्वर, डायनामोच्या सायकलवर

"सोमवारी मी कळमेश्वरले चाललो, याच सायकलनं," असं दादा म्हणाला, तेव्हा आईच्या हातातलं लाटणं थांबलं. ती माझ्याकडे वळली. मला म्हणाली, "तू जा वं त्याच्यासंगं."

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. हल्ली बरेच वाचक सायकलला मोटर बसवून लांब जायचे बेत कळवतात, म्हणून लिहायला घेतली. माझा मोठा भाऊ मोटर वाइंडिंगचा, म्हणजे मोटरीत तांब्याची तार गुंडाळायचा, कारागीर. वर्कशॉपमध्ये गुडघ्यावर लोखंडी गाडा कोसळला आणि उजवा पाय वाकायचा कायमचा थांबला. पायडल मारणं संपलं. वर्षभर तो घरीच होता. कळमेश्वरच्या एका कारखान्यात वाइंडरची जागा निघाली, पण तिथल्या फोरमननं सांगितलं, "आठच्या ठोक्याला हजर पाहिजे. पहिली बस दहाला येते. तू येशील कसा?"

दादानं भंगारातल्या मोटारीचा डायनामो आणला आणि त्याचं वाइंडिंग बदललं. वीज दिली की तो मोटरसारखा फिरायचा. चेन मागच्या चाकाला, दोन बॅटऱ्या कॅरिअरवर, आखडलेल्या पायासाठी समोर लोखंडी खुंटी आणि हँडलवर एक बटण. वेग कमीजास्त करायची सोयच नव्हती. बटण दाबलं की चालू, सोडलं की बंद.

पहाटे साडेपाचला निघालो. मी माझ्या साध्या सायकलवर, मागे. आमच्या महाल भागातल्या गल्ल्यांत रिक्षावाले थांबून बघत होते. काटोल नाक्यावर तर्री-पोहे, म्हणजे तिखट रस्सा ओतलेले पोहे, घेतले. मी माझी बशी तशीच ठेवून त्याची सायकल न्याहाळत होते. बॅटरीच्या झाकणातून ॲसिड झिरपत होतं आणि दादाच्या पँटीला मागून बारीक भोकं पडलेली दिसत होती.

"परत जाऊ गा दादा," मी म्हटलं.

"काहून? चालून तर राहिली."

रस्ता तेव्हा एकपदरी होता, कडेला मुरूम. ट्रक आला की मी खाली उतरायची. दादाला उतरता येत नव्हतं, तो डांबरावरच राहायचा. प्रत्येक ट्रक त्याला झाकून टाकायचा आणि तो पुन्हा दिसेपर्यंत मी कडेलाच थांबून बघायची.

फेटरी गाव मागे पडलं. कळमेश्वरच्या अलीकडे एक लांब उतार लागला, आणि उताराच्या तळाशी रेल्वेचं फाटक. ते बंद होतं. समोर दोन ट्रक आणि एक बैलगाडी उभी. मी ब्रेक दाबले. दादा मात्र वेगातच चालला होता. त्यानं बटणावरून हात काढलेला मला दिसला, तरी मोटरचा आवाज थांबला नाही. बटणाच्या आतले पत्रे तापून एकमेकांना चिकटले होते.

"सुनंदा, बंद नाही होऊन राहिली!"

मी जीव खाऊन पायडल मारले. अंतर वाढतच गेलं. त्याचे ब्रेक करकरत होते, रबर जळल्याचा वास माझ्यापर्यंत आला. उडी मारायला त्याचा पाय वाकत नव्हता. तो ट्रकवर आदळताना आपण आता बघणार आहोत, आणि आईला सांगायला घरी आपण एकट्या जाणार आहोत, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

दादानं एक हात सोडला, मागे नेला आणि चाचपडत बॅटरीची वायर पकडून ओढली. मोठी ठिणगी उडाली. सायकल डगमगली, कडेच्या मुरमाच्या ढिगात शिरली आणि आडवी झाली. ट्रक तिथून दहा पावलांवर असेल.

मी पोचले तेव्हा तो बसलेला होता. तळवा भाजून पांढरा पडला होता. बैलगाडीवाल्या काकांनी पाणी ओतलं. दादा त्या तळव्याकडे बघत होता. "भेलो मी," तो हळूच म्हणाला. त्याच्या तोंडून हा शब्द मी आधी कधी ऐकला नव्हता.

आगगाडी गेली, फाटक उघडलं. मला वाटलं, आता परत फिरेल. त्यानं मला वायर सोलायला लावली. बटण काढून फेकलं आणि वायरच्या टोकाला चिमटा लावून तो बॅटरीला अडकवला आणि त्याला सुतळी बांधली. सुतळीचं दुसरं टोक मनगटाला. हात झटकला की चिमटा निघून वीज तुटायची. तीनदा करून बघितलं. मग आम्ही उरलेला रस्ता हळूहळू कापला. आठला पाच मिनिटं असताना तो गेटवर होता. बॅटऱ्या मी गावातल्या दुकानात चार्जिंगला लावल्या आणि दुपारपर्यंत बाकावर बसून राहिले.

फोरमननं त्याचा भाजलेला हात बघितला, तरी त्याच हातानं वाइंडिंग करून घेतलं, आणि त्याला कामावर ठेवून घेतलं.

परतताना दादा म्हणाला, "मायले नको सांगू वं."

घरी आईनं तळव्याकडे बघून विचारलं. "सोल्डरचा चटका," तो म्हणाला. तिनं मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "रस्ता चांगला आहे आई. काही झालं नाही."

दुसऱ्या दिवशी तो एकटा गेला. खरं सांगितलं असतं तर आईनं त्याला उंबरा ओलांडू दिला नसता, आणि तो पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडला असता. आजही मला माझं खोटं चूक वाटत नाही. तुम्ही जाणार असाल तर वीज तोडायची सोय आधी करा, मोटर नंतर बसवा.

दादा अकरा वर्षं त्या रस्त्यानं गेला-आला. संध्याकाळी सहा वाजले की आई निवांत चहा ठेवायची. आणि मी काही ना काही निमित्त काढून गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहायची, तो दिसेपर्यंत.