ऑरिन टॅकेटचा तपकिरी

अमेरिकेतल्या टाकोमा शहरातल्या आमच्या कला महाविद्यालयात तळघरातली एक खोली माजी सैनिकांसाठी राखून ठेवली आहे. तिथे एक झेंडा, एक कॉफीचं यंत्र आणि दोन सोफे आहेत. सोफ्यांवर पाठदुखीवाल्यांनी बसायचं, म्हणजे सगळ्यांनीच. ऑरिन टॅकेट तिथे आला तेव्हा चाळिशी मागे टाकून आला होता. लष्करात वीस वर्षं रसदीचे ट्रक आधी स्वतः हाकून, मग दुसऱ्यांकडून हाकवून, तो सार्जंट म्हणून निवृत्त झाला होता आणि आता ग्राफिक डिझाइन शिकणार होता. का, असं मी शेजारच्या सोफ्यावरून विचारलं.

"बसून करायचं काम आहे," तो म्हणाला.

थकलेला माणूस, पण थकवासुद्धा इस्त्री करून घालायचा.

आमच्याकडे पद्धत अशी की आपलं काम भिंतीवर लावायचं आणि वर्गाने त्यावर बोलायचं. बोलणारे एकोणीस-वीस वर्षांचे. ऑरिन चित्राशेजारी पाय फाकून, हात पाठीमागे बांधून, नजर समोरच्या घड्याळावर लावून उभा राहायचा. त्याने गावच्या पोहण्याच्या तलावाचं पोस्टर केलं होतं. निर्मनुष्य तलाव, उडी मारायची एकच फळी, आणि पाण्यासकट मागे सगळं तपकिरी.

"फळी फार एकटी वाटतेय ना, सार्ज?" केस्ट्रल म्हणाली. तिचे केस हिरवे होते आणि केस्ट्रल, म्हणजे एका जातीचा ससाणा, हे नाव आईवडिलांनी पूर्ण शुद्धीत ठेवलेलं होतं.

"हो, मॅडम."

पुढच्या आठवड्यात तीन फळ्या आल्या. कुणी म्हणालं, माणसं हवीत. एक अख्खं कुटुंब आलं. कुणी म्हणालं, अक्षरं जरा खेळकर करा. अक्षरं दारू प्यायल्यासारखी डुलायला लागली. बाकीची मुलं टीका ऐकून मान डोलवायची आणि घरी जाऊन काहीही बदलायची नाहीत. ती पद्धत त्यासाठीच होती. ऑरिनला हे कुणी सांगितलं नव्हतं. उभं राहून ऐकलेलं प्रत्येक वाक्य त्याच्यासाठी हुकूम होतं, आणि तो रात्र जागून त्याची तामिली करायचा.

शेवटी प्राध्यापक मारिट सोल्हाइम पोस्टरसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

"ऑरिन, हे बदक कशासाठी?"

"मागच्या रांगेतून सूचना आली होती, मॅडम."

"ती थट्टा होती हो."

"तसं स्पष्ट केलं नव्हतं, मॅडम."

एका गोष्टीवर मात्र कुणी बोट ठेवलं नाही: तो तपकिरी. सगळ्यांनी मनात धरलं होतं की तो वाळवंटाचा, युद्धाचा रंग आहे. केस्ट्रलसुद्धा त्या रंगाकडे बघताना आवाज खाली आणायची. त्यामुळे पोस्टरमध्ये ऑरिनचं स्वतःचं असं तेवढंच उरलं होतं.

वर्षअखेरीला परीक्षण होतं. त्यात नापास झालेल्याला डिझाइन शाखा सोडावी लागते. सरकार फौजींची फी ठरावीक महिनेच भरतं, आणि ऑरिनचे पुन्हा वर्ष काढण्याइतके महिने शिल्लक नव्हते. सोल्हाइमबाई म्हणाल्या, "पोस्टर पहिल्यासारखं करा." त्याने तेही हुकूम म्हणून केलं.

परीक्षणाच्या आदल्या दिवशी रॉस्को प्रूइटने सोफ्यावरून सल्ला दिला. रॉस्को मरीन दलात होता. आता खुर्च्या डिझाइन करतो आणि त्यांवर कुणाला बसू देत नाही.

"म्हाताऱ्या, रंगाचं विचारलं तर इराक म्हण. आवाज जरा अडकव. झालास पास."

"कुवेतमध्ये होतो मी. आणि तिथली वाळू पांढरट होती."

"कोण बघायला गेलंय! मी तर त्या तीन पायांच्या स्टुलाला फलुजाची लढाई म्हणालो. पहिला नंबर दिला लेकाच्यांनी."

परीक्षणाला बाहेरून लँडन वाइस नावाचे जाहिरातवाले आले होते. आम्ही मागे बसलो होतो. ऑरिन नेहमीसारखा उभा, हात पाठीमागे.

"मांडणी ठीक," वाइस म्हणाले. "पण तलावाच्या पोस्टरला तपकिरी? हे पाणी प्यावंसंही वाटत नाही, पोहणं सोडाच. निळा करा."

ऑरिनच्या तोंडातून "हो, सर" निघण्याच्या आत सोल्हाइमबाई पुढे झुकल्या. आवाजात माया होती. "लँडन, हा रंग त्यांच्या अनुभवातून आलाय. तिकडून. हो ना, ऑरिन?"

पास होण्याचं दार सताड उघडं होतं. रॉस्कोने माझ्या बरगडीत कोपर खुपसलं.

"नाही, मॅडम," ऑरिन म्हणाला.

"मग कुठून?"

त्याने घड्याळावरची नजर काढून पोस्टरकडे वळवली. एवढ्या महिन्यांत स्वतःच्या कामाकडे बघताना मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं.

"मला आवडतो."

"का?"

"ते माहीत नाही, मॅडम."

"मग निळा करायला काय हरकत आहे?" वाइस म्हणाले.

"नाही करणार, सर."

वीस वर्षांत हे वाक्य त्याने वापरलं नसावं. मोडक्या गिअरसारखा आवाज आला. हात पाठीमागून सुटले होते आणि त्यांचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. वाइस यांनी सोल्हाइमबाईंकडे बघून खांदे उडवले. कागदावर काहीतरी खरडलं. तासाभराने दारावर निकाल लागला: पास, सगळ्यांत खालच्या श्रेणीत. सहानुभूतीचा एक गुणही त्यात नव्हता.

संध्याकाळी तो आणि त्याची बायको लव्हॉन मला कोपऱ्यावरच्या डायनरमध्ये घेऊन गेले.

"काय खाणार?" लव्हॉनने त्याला विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता वेट्रेसला म्हणाली, "याला काहीही चालतं. लग्नापासून ऐकतेय मी."

"थांब," ऑरिन म्हणाला. त्याने मेनू हातात घेतला आणि वाचायला लागला. वेट्रेसने वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकलं. लव्हॉन माझ्याकडे बघत राहिली.

"लिव्हर आणि कांदा," तो शेवटी म्हणाला.

"शी! ते आवडतं तुला?"

"असं वाटतंय."

आलं ते करपलेलं होतं आणि चामड्यासारखं चिवट. लव्हॉन म्हणाली, परत पाठव. त्याने नाही म्हणून मान हलवली, आणि झोपेने डोळे मिटत असताना, एकेक घास चावत, सगळं संपवलं.