मालकाचा एकच रकाना

बंगळूरला हेब्बाळच्या ऑफिसात मी नेमकं काय करतो, असं आईने विचारलं की मी तिला ‘हजेरीपट’ म्हणून सांगायचो. मोठ्या कंपनीचं सॉफ्टवेअर म्हणजे एकच एक धूड नसतं. शेकडो छोटे प्रोग्रॅम असतात, त्यांना आम्ही सर्व्हिस म्हणतो. एक पत्ता तपासते, एक माल कुठवर पोचला ते सांगते. कोण कुठे आहे आणि जिवंत आहे का, हे एका जागी नोंदलेलं लागतं. ती जागा म्हणजे सर्व्हिस रजिस्ट्री. दर काही सेकंदांनी प्रत्येकीने ‘मी आहे’ असं कळवायचं. नाही कळवलं की यादीतून नाव आपोआप गळतं.

आमची रजिस्ट्री मी आखली होती आणि मला तिचा भारी तोरा होता. तिच्यात प्रत्येक सर्व्हिससमोर ‘मालक’ असा एक रकाना ठेवला होता. त्यात एका माणसाचं नाव, एकाचंच. काही बिघडलं तर फोन कुणाला करायचा, हा प्रश्नच पडता कामा नये.

या रकान्यावर हरकत घेतली ती एकट्या अण्णांनी. सगळं ऑफिस त्यांना अण्णाच म्हणायचं. मूळचे निपाणीकडचे, पन्नाशी ओलांडलेले, राजाजीनगरात वीसेक वर्षं काढलेले. आमच्या मजल्यावर माझ्याशी मराठीत बोलणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून चहाला आम्ही रोज बरोबर. कंपनीच्या जुन्या सर्व्हिसपैकी निम्म्या तरी त्यांच्या हातच्या.

“आणि एक रकाना ठेवा की ओ,” ते म्हणाले. “मालक कोण ते एक, आणि ठावं कुणाला हाय ते एक. दोन्ही एकच माणूस नसतंय.”

“अण्णा, बारभाईची खेती होईल. मग कुणीच फोन उचलणार नाही.”

“सरी, बरं. डिझाइन तुमचं, तुमी बगा,” म्हणाले आणि चहा संपवला.

मी दुसरा रकाना ठेवला नाही. नोंदणीचा आठवडा आला तेव्हा अण्णांनी आपल्या सगळ्या सर्व्हिससमोर त्यांच्या टीममधल्या दोन नव्या मुलींची नावं घातली. बढतीच्या वेळी ‘तुझ्या नावावर काय आहे’ हे विचारतात, ते त्यांना माहीत होतं. मी हटकलं तर म्हणाले, “त्यांचं नाव व्हायचं वय हाय. बिघडलं तर मलाच विचारत्यात की.” खरं तर माझा रकाना त्याच दिवशी खोटा पडला होता. पण सगळ्या ओळी भरल्या होत्या, यादी सुरेख दिसत होती. मी काणाडोळा केला.

काही महिन्यांनी एका सकाळी साहेब माझ्या टेबलाशी आले. “हर बंदे के नाम पे कितनी सर्व्हिस हैं, एक शीट बना दो.” दोन मिनिटांत दिली, आणि दोन मिनिटांत दिली हे चारचौघांत सांगितलंही. अण्णांच्या नावापुढे शून्य होतं. ते मी पाहिलं. हसू आलं मला, म्हटलं, साधू माणूस! शीट कशाला हवी, हे विचारलं नाही. या शून्यामागे निम्मी कंपनी उभी आहे, अशी एक ओळ खाली लिहायला मला काय धाड भरली होती?

पुढच्याच आठवड्यात माणसांची कपात झाली, अण्णांना आतल्या खोलीत बोलावलं. बाहेर आले ते थेट आपल्या जागेवर गेले आणि खणातला स्वेटर, डबा, चष्म्याचं घर पिशवीत भरायला लागले. साहेब मला समजावत होते, “डेटा देख के किया है, किसी पे अन्याय नहीं हुआ.” तो डेटा माझा होता. फाटकापर्यंत मी अण्णांची पिशवी धरून गेलो. ती शीट मीच दिली, हे सांगायचं होतं. “ऑटो बोलावू का?” एवढंच विचारलं. त्याची मला अजून लाज वाटते.

दोन महिन्यांनी पत्ते तपासणारी सर्व्हिस बंद पडली. तिच्या मालकाच्या रकान्यात जिचं नाव होतं, ती मुलगी रडकुंडीला आली. शेवटी मी अण्णांना फोन केला. पहिल्याच रिंगला उचलला. कुठली फाइल, कुठली ओळ, ती तशी का लिहिली, सगळं तोंडपाठ. दहा मिनिटांत सर्व्हिस उभी राहिली. “आणि काय अडलंय काय?” त्यांनी दोनदा विचारलं.

मग फोन वहिनींनी घेतला. दुसऱ्या खोलीत गेल्या असाव्यात, कारण आवाज एकदम हलका झाला.

“भाऊजी, गावाकडं अजून सांगिटलं नाही. रोज नऊला आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाजवळ बसत्यात. लॅपटॉप उघडत बी नाहीत. आज एवढं बोलले बगा. ऑफिसातनं तुमीच तेवढी आठवण ठेवलीसा.” मग म्हणाल्या, “उद्या बी काय तरी विचारा की ओ. कायबी चालंल.”

“विचारतो, वहिनी,” मी म्हणालो. खरं सांगायची ती वेळ होती. तीही मी घालवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांच्या सगळ्या सर्व्हिस एकेक करून पाहिल्या. सगळ्या धडधाकट चालल्या होत्या. तरी फोन लावला.

“अण्णा, ती पत्त्याची पुन्हा अडलीय हो.”

“हां? थांबा, थांबा, चष्मा लावतो,” ते म्हणाले, आणि पलीकडे खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला.