चावीकाकांची कॉफी

माझ्या सासऱ्यांना आमच्या गल्लीत सगळे चावीकाका म्हणतात. पंचेचाळीस वर्षं त्यांनी कुलपं बसवली, अडकलेली उघडून दिली, चाव्या कापल्या. घराखालीच दुकान आहे, आता ते माझा नवरा चालवतो. बाबांच्या डोळ्यांच्या मधोमध गेल्या तीन वर्षांत धुकं साचलंय. कडेचं थोडंफार दिसतं, समोरचा माणूस मात्र आवाजावरून ओळखावा लागतो. तरी मशीनवर कापलेली प्रत्येक चावी नवरा आधी त्यांच्या हातात देतो. बाबा अंगठ्याने दाते चाचपतात, "तिसरा जरा उंच राहिलाय" म्हणतात आणि दोनदा कानस फिरवून परत देतात.

सकाळची कॉफी बाबांनीच करायची, हा या घराचा त्यांच्या लग्नापासूनचा कायदा. सासूबाईंना उठल्या उठल्या कुणी बोललेलं खपत नाही. कॉफीचे दोन घोट पोटात गेले की मग त्या माणसांत येतात. बाबांची पद्धत साधी होती. पातेल्यात पाणी उकळायचं, पूड टाकायची, झाकण ठेवून जरा दम धरायचा आणि फडक्यातून गाळायची. दूध ज्याचं त्याने घ्यायचं.

एका सकाळी पातेलं कपाऐवजी कपाच्या शेजारी कललं. कॉफी ओट्यावरून त्यांच्या मनगटावर आली. मी भाजलेल्यांच्या वॉर्डात नर्स आहे. असलं काही घरात पाहिलं की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. त्यांचं मनगट मी वीस मिनिटं नळाखाली धरलं आणि ती वीस मिनिटं तोंडाचा पट्टा चालू ठेवला. शेवटी मी म्हणाले, "आजपासून तुम्ही गॅसला हात लावायचा नाही." बाबांनी नळ बंद केला. मला वाटलं, पटलं.

दुसऱ्या दिवसापासून कॉफी मी करू लागले. सासूबाई अर्धा कप पिऊन बाकीची ठेवून देत. बाबा पहाटेच उठून खाली जात आणि शटर न उघडताच स्टुलावर बसून राहत. आठव्या दिवशी मी त्यांना बोलवायला गेले, तर नुसतेच बसले होते, हातात कानस नाही की चावी नाही. वॉर्डात मी असे हात पाहिलेत. पट्टी सुटते, जखम भरते, पण माणूस हात मांडीवरून उचलत नाही. मनगट मी बरं केलं होतं, आणि बाकीच्या माणसाची वाट लावली होती.

रविवारी मी जाहीर केलं, "कॉफी बाबाच करणार. पण उकळतं पाणी हाताने ओतायचं नाही. यात बसेल अशी रीत शोधायची. आणि जी रीत निवडू ती डोळे बांधून जमली पाहिजे."

"चव मी बघणार," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या सगळ्यांच्या नादात मला गढूळ पाणी प्यायला लावाल."

नवऱ्याला तर बहाणाच हवा होता. मित्राकडून बटणाचं मशीन आलं, दट्ट्या दाबून कॉफी गाळायचं काचेचं भांडं आलं, कागदी गाळणी आल्या. ओट्यावर दुकान मांडलं गेलं.

कागदी गाळणीचा पहिला बळी मीच. डोळ्यांवर मफलर बांधला आणि गार पाण्याने रंगीत तालीम केली. निम्मं पाणी गाळणीत, निम्मं माझ्या पायांवर. उकळतं असतं तर मीच माझ्या वॉर्डात भरती झाले असते. मग नवरा दट्ट्याच्या भांड्याशी भिडला. त्यातही पाणी वरून ओतावं लागतंच, पण तो म्हणाला, कोमट घेऊन बघतो. त्याने दट्ट्या असा काही दाबला की कॉफीचा फवारा थेट कॅलेंडरवर. त्या महिन्याच्या तारखा आम्ही पुढे अंदाजाने काढल्या. भांड्यात उरली त्यातला घोट सासूबाईंनी घेतला आणि म्हणाल्या, "दाताखाली कचकच येतंय. गाळली की पेरली?"

मशीनवर आमची मोठी भिस्त होती. बाबांनी त्याच्या तोंडावरून बोटं फिरवली. गुळगुळीत काच, बटणं नुसती चित्रातली. "ना भोक, ना खाच," ते म्हणाले. "हात काय विचारणार याला?" तरी त्यांनी अंदाजाने एक जागा दाबली. मशीनने घरघर करत स्वतःला धुवायला घेतलं आणि दहा मिनिटं कुणाचंही न ऐकता वाफाळतं पाणी ओकत राहिलं. आम्ही चौघं भिंतीला पाठ लावून उभे. सासूबाईंच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं होतं. आठ दिवसांत त्या पहिल्यांदा हसल्या होत्या.

एवढ्यात बाबा जिना उतरून गेले. मला वाटलं, कंटाळले. पण ते वर आले तेव्हा त्यांच्या हातात एक काळवंडलेलं, कंबरेत बारीक झालेलं ॲल्युमिनियमचं भांडं होतं. मोका पॉट, खाली गार पाणी भरून गॅसवर ठेवलं की वाफेच्या जोराने कॉफी आपोआप वर चढते ते. कोण्या एका बाईंनी कित्येक वर्षांपूर्वी ते अडकलंय म्हणून उघडायला आणून दिलं होतं आणि परत न्यायला आल्याच नाहीत. तेव्हापासून ते गंजक्या कुलपांच्या फळीवर पडून होतं. नवऱ्याने रबराची नवी रिंग आणली, मी भांडं तीनदा घासलं.

बाबांनी स्वतःच मफलर मागून घेतला. खालच्या भागात गार पाणी भरलं, आतल्या वाफेच्या झडपेच्या बारीक बोंडाला पाणी लागेपर्यंत, बोटाने बघत. चाळणीच्या वाटीत पूड घातली, अंगठ्याने सपाट केली, कडेचे दाणे पुसले. मग वरचा भाग फिरवून बसवला आणि शेवटचा आटा देताना मान जराशी कलती केली, तशीच, जशी ते कुलपाशी करत. गॅस मी पेटवणार होते. त्यांनी माझा हात बाजूला सारला.

भांडं खुदखुदलं तसा त्यांनी गॅस बंद केला. कपाखाली उंच काठाचं ताट ठेवलं होतं. भांड्याची चोच कपाच्या काठाला टेकवून ते ओतू लागले. "कप भरत आला की आवाज चढतो," म्हणाले. मी दोन पावलांवर थंड पाण्याची बादली घेऊन उभी होते. एक थेंब सांडला नाही.

सासूबाईंनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "डांबर आहे." मग थर्मासमधलं गरम पाणी ओतून घेतलं, परत प्यायल्या, अख्खा कप संपवला. "उद्या पूड जरा कमी घाला," त्या म्हणाल्या. म्हणजे उद्याही बाबाच करणार, हे ठरलं. मी मोरीत बादली ओतायला गेले आणि तिथेच पदराने डोळे पुसले, काय लपवायचं.

तेव्हापासून घर सुरळीत चाललं होतं. परवा बाबांना ताप आला. मी म्हटलं, पडून राहा, आज मी करते. भांडं धुऊन, जोडून, त्यांच्या जागेवर ठेवलेलं होतं. उघडायला गेले, तर ढिम्म हलेना. रबरी हातमोजा घालून पाहिला, टॉवेल गुंडाळून पाहिला. नवऱ्याने दात-ओठ खाऊन जोर लावला. तो पक्कड आणायला निघाला तेव्हा सासूबाई, कॉफीआधीच, बोलल्या, "खबरदार."

शेवटी मी ते भांडं घेऊन बाबांच्या पलंगाशी गेले. त्यांनी पडल्या पडल्या हातात घेतलं, आधी जरासं आणखी आवळलं, मग उलटं फिरवलं. दोन बोटांत उघडलं.

"एवढं घट्ट कशाला लावता, बाबा?"

"वाफ निसटते."

"रिकाम्या भांड्यातून?"

त्यांनी भांडं पोटावर ठेवलं. मग छताकडे बघत म्हणाले, "सैल ठेवलं तर तू परत काढून घेशील."

घरात सगळ्यांना कधी गोळी घ्यायची, कधी झोपायचं, हे सांगणारी मी, त्यांच्या पायाशी बसले. "चुकलं माझं त्या दिवशी," मी म्हणाले. "कॉफी तुमची आहे. कुणी नाही काढून घेणार."

"बरं," बाबा म्हणाले. "आज पूड दीडच चमचा घाल, सासूला तशीच लागते. तिला सांगू नकोस मी सांगितलं म्हणून."

आज सकाळी ताप उतरला होता. ते उठायच्या आत मी सहज भांड्याला हात लावून पाहिला. दोन बोटांत उघडलं. काल धुतलेलं भांडं मी त्यांच्याच हातात जोडायला दिलं होतं, त्यांनी ते सैल लावलं होतं. मी ते तसंच पुन्हा फिरवून बंद केलं, त्यांच्या जागेवर नीट ठेवलं, आणि टेबलाशी बसून हाक मारली, "बाबा, कॉफी करताय ना?"