हवालदारांचं आपोआप घर

हवालदारांच्या घरात पाऊल टाकलं की पहिलं वाक्य कानावर यायचं, "हात लावू नगा!" आमच्या गावात हे वाक्य कोण कुणाला ऐकवतं आणि का ऐकवतं, यावर मी एक अख्खं पत्रक लिहिलेलं आहे, ते इथं पुन्हा लिहीत नाही. हवालदारांचं 'हात लावू नगा' मात्र पाटलापासून बौद्धवाड्यातल्या माणसापर्यंत सगळ्यांना सारखंच होतं. दाराला हात लावायचा नाही, दिव्याला लावायचा नाही. नुसतं उभं राहायचं आणि बघायचं. "आपोआप हुतंय," असं म्हणून ते मिशीवरून बोट फिरवायचे. कधी कधी खरोखरच व्हायचं.

आमचं घर त्यांच्या भिंतीला भिंत लावून. मी त्यांना तात्या म्हणायची आणि त्यांच्या बायकोला काकी, बाकीचं गाव त्यांना हवालदार म्हणायचं. ते फौजेत सिग्नलमध्ये होते. पेन्शनीवर आलेल्या माणसाच्या ट्रंकेतून कांबळी निघतात, रमची बाटली निघते. यांच्या ट्रंकेतून तारांची भेंडोळी, पकडी आणि एक मोडका टेलिफोन निघाला. गावात वीज नुकती आली होती आणि लोकांच्या लेखी तिचे उपयोग दोन, सोप्यात एक बल्ब आणि विहिरीवर मोटर. हवालदारांना तिसरा दिसला होता. पारावर बसून ते समजावून सांगायचे, "फौजेत हुकूम तारेतनं जातोय आन तिकडं माणूस उठतोय. मी म्हन्तो, माणूस तरी कशापायी उठाया पायजे? काम तारंनंच करावं." पारावरचे लोक मांडीवर थाप मारून हसायचे. त्यांचं नाव 'आपोआप हवालदार' पडलं. ते त्यांना आवडलं, हा त्यांचा स्वभाव.

दिवेलागणीचा दिवा हा त्यांचा पहिला चमत्कार. गजराचं घड्याळ वाजायला लागलं की त्याच्या पाठीमागची गजराची चावी गरगर फिरते. त्या चावीला त्यांनी दोरा बांधला आणि दोऱ्याचं दुसरं टोक दिव्याच्या बटणाला. सांज झाली की गजर ठणाणा करायचा, दोरा गुंडाळला जायचा, बटण खाली यायचं आणि सोप्यातला दिवा लागायचा. वीज असली तर. मग स्वयंपाकघरातून काकी यायची. बटण वर करून दिवा घालवायची, आपल्या हातानं पुन्हा लावायची आणि हात जोडायची.

"अगं, लागला हुता की!" हवालदार ओरडायचे.

"दिवा घरच्या बाईनं लावायचा असतोय, घड्याळानं न्हवं. आन रोज सकाळी त्या घड्याळाला चावी कोन देतंय? तुमीच न्हवं? मग आपोआप कसलं वं?"

हवालदार फडकं शोधायचे. ते घड्याळ पुसत बसायचे.

या सगळ्या खेळामागं एक खरं काम होतं. काकी आजारी होती. त्या आजाराचं नाव गावात कुणी घेत नव्हतं, म्हणून मी घेते. तिचं अंग बाहेर येत होतं. बाळंतपणाचा महिना भरायच्या आत बाईच्या डोक्यावर भरली घागर चढवली की जे होतं, ते तिचं झालं होतं, आणि ती एकटी नव्हती. मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि हवालदारांना आत बोलावून बजावलं, यांनी ओझं उचलायचं नाही. एवढंसं वाक्य. पण आमचं गाव टेकाडावर आणि विहीर खाली, उसाच्या मळ्यात. मुलगा पलटणीत, सून त्याच्याबरोबर, घरात दुसरं कुणी नाही. ओझं उचलायचं नाही म्हणजे पाणी प्यायचं नाही, असा त्या वाक्याचा आमच्या गावातला अर्थ.

मिरजेहून परतताना एसटीतच हवालदारांनी ठरवलं, पाणी आपोआप घरात आलं पाहिजे. विहिरीवरच्या मोटरीतून टेकाडावर पाइप आणायचा, न्हाणीच्या वर टाकी बसवायची आणि टाकीत तुपाचा रिकामा डबा तरंगत सोडायचा. पाणी कमी झालं की डबा खाली जाणार, मोटर सुरू. टाकी भरली की डबा वर येणार, मोटर बंद. "तुज्या काकीनं फकस्त तोटी फिरवायची," ते मला म्हणाले. "एका बोटानं." बोट वर करूनही दाखवलं. पाइप आले, अंगणात पडले. पण विहीर आणि मोटर चुलतभाऊ बापूंच्या समाईकीत होती, आणि पाइप जाणार होता तो बांधही बापूंचा. बापू हो म्हणेनात.

तोवर हवालदारांना स्वस्थ बसवेना. काकीची उठबस वाचावी म्हणून त्यांनी दार हाती घेतलं. उंबऱ्याबाहेर एक फळी ठेवली. फळीवर पाय पडला की आत घंटी वाजायची. दाराला मागून दोरी, कप्पी आणि वजन लावलं. माणूस आत आला की दार आपोआप बंद. फळीवर दिवसभर कोंबड्या चढू लागल्या आणि काकी दर खेपेला "आले, आले" करत उठू लागली. पण खरा घोटाळा दारानं केला. आमच्याकडं दिवसाउजेडी घराचं दार लावत नाहीत. लागलेलं दिसलं तर आत भांडण पेटलेलं असतं, नाही तर कुणीतरी गेलेलं असतं. मिरजेहून आलेली आजारी बाई आणि भर दुपारी दार बंद! वरच्या आळीच्या सुंदरा म्हातारीनं ते पाहिलं आणि हंबरडा फोडला. घटकाभरात अंगणात आळी गोळा झाली. कुणी बांबू आणायला निघालंही. फळीवर इतकी माणसं चढली की आतली घंटी थांबेना. शेवटी दार उघडलं ते काकीनं, पिठानं भरलेल्या हातांनी.

"का गं रडताय? कोन ग्येलं?"

सुंदरा म्हातारीनं डोळे पुसले आणि मोर्चा हवालदारांकडं वळवला. "मुडदा बशिवला तुजा! जित्या बायकूचं दार लावतोस व्हय रं?"

वजन त्याच सांजेला निघालं. "लोकांची अजून तयारी न्हाई," हवालदार खिन्नपणे म्हणाले.

"लय तयारी हाय," काकी म्हणाली. "बांबू आणाय निघालं हुतं."

आता बापूंविषयी. बापू वाईट माणूस नव्हे. आमच्याकडं वाईट माणसं थोडीच आहेत. बाकीची सगळी चांगली माणसंच आहेत आणि ती वाईट वागतात. हवालदार त्यांच्याकडं तीन-चारदा गेले. एकदा मी बरोबर होते.

"मोटरीची पाळी उसाची हाय, हवालदार," बापू म्हणाले. "आज तुमी घरला पानी न्हेलं, उद्या समदं गाव पाइप घिऊन हुबं ऱ्हातंय."

"डाक्टरीन म्हनली, वजं उचलायचं न्हाई."

"आवं, ऊस वाळला तर वरीस ग्येलं. घरच्या पान्याचं काय, बायका आनत्यातच की."

घरच्या पाण्याचं काय, बायका आणतातच की! हे वाक्य डोक्यात घेऊन मी सांगलीला कॉलेजात परतले आणि तिथल्या आमच्या मुलींच्या मंडळाचं पत्रक लिहून काढलं. मथळा होता, 'उसाला मोटर, बाईला घागर!' पुढच्या खेपेला गावच्या चावडीच्या भिंतीवर ते मी स्वतः खळीनं चिकटवलं. हवालदारांनी उभं राहून ते शेवटपर्यंत वाचलं.

"झ्याक लिवलंस पोरी. आता सांग, ह्येच्यानं पानी किती फूट चढंल?"

मी भडकले. "आणि तुमच्या डब्यानं किती फूट चढलं, तात्या?"

"तुजं बी तयार, माजं बी तयार," ते शांतपणे म्हणाले. "दोनी अडल्यात बापूपाशी."

बापूंनी पत्रक वाचलं की नाही ठाऊक नाही. डब्यावर मात्र ते विचार करत होते. उन्हाळ्यात विहीर तळाला गेली, मोटर कोरडीच फिरत राहिली आणि जळाली, तेव्हा ते आपण होऊन हवालदारांच्या सोप्यात येऊन बसले.

"हवालदार, त्यो डबा हिरीत सोडला तर? पानी सपलं की मोटर बंद पडंल?"

"पडंल."

"आपोआप?"

"आपोआप. आन लाइट जाऊन आली तर चालू बी हुईल."

विहिरीला डबा, त्या बदल्यात बांधावरून पाइप, असं तिथंच ठरलं. समाईक विहिरीवर, दुरुस्त होऊन आलेल्या मोटरीला ते यंत्र बसलं आणि चाललं. मग जे झालं ते मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलं असतं तर खोटं म्हटलं असतं. दिव्याला हसलेलं, दाराला रडलेलं गाव डब्यावर भाळलं. रात्री-अपरात्री वीज आली की मोटर सुरू करायला मळ्यात पळायला नको! हवालदारांना न्यायला बैलगाड्या येऊ लागल्या. आज या मळ्यात, उद्या त्या वस्तीवर. कुणी फेटा बांधला, कुणी नारळ दिला. इतकी वर्षं थट्टा सोसलेला माणूस, तो हरखून गेला. आणि अंगणात पडलेल्या पाइपांमधून गवत वर आलं.

"एवढी हिर झाली की आपलंच काम," ते काकीला सांगायचे.

"व्हय, व्हय, करा सावकाश," काकी चुंबळ वळत म्हणायची. "मी हाय की आपोआप."

सुट्टीत घरी आले तेव्हा मी हे पाहिलं आणि तात्यांना तोंडावर म्हटलं, "तुम्ही पण बापूच झालात." ते उठले. दारात बैलगाडी उभी होती, तिच्यात जाऊन बसले.

त्याच आठवड्यात काकी टेकाडाच्या वाटेवर मटकन खाली बसली. घागर गडगडत बांधापर्यंत गेली. बायकांनी तिला उचलून घरी आणलं. हवालदारांना कुठल्याशा विहिरीवरून बोलावणं गेलं. ते आले तेव्हा डोक्याला कुणाचा तरी फेटा होता आणि खिशात पकड. त्यांनी काकीकडं पाहिलं, फेटा काढला आणि खुंटीला लावला. काकी भिंतीकडं तोंड करून पडली होती. त्या सांजेला गजर वाजला, दिवा लागला, पण तो घालवायला कुणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चांगलं ऊन पडल्यावर, हवालदार घागर घेऊन विहिरीवर गेले आणि भरून खांद्यावर घेऊन टेकाड चढू लागले. ही गोष्ट लहान वाटेल. ज्यांना आमचं गाव ठाऊक आहे त्यांना ती लहान वाटणार नाही. आमच्यातला पुरुष उसाला पाणी पाजतो, बैलाला पाजतो. घरच्या रांजणात पाणी ओतताना त्याला कुणी पाहिलेलं नाही. वाट पारासमोरूनच जाते. पारावरून आवाज आला, "काय हवालदार! आपोआप कुटं ग्येलं?"

हवालदारांना धाप लागली होती. ते थांबले नाहीत. "ह्येच की त्ये," ते म्हणाले. "एक बंद पडलं की दुसरं चालू हुतंय."

पारावर शांतता पसरली, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. सगळे खो खो हसले. हवालदार दुसऱ्या खेपेला पुन्हा त्यांच्याच समोरून गेले. तिसऱ्या खेपेला सुंदरा म्हातारीनं त्यांना वाटेत अडवलं. "खांद्यावर न्हवं रं गड्या, मान मोडून घेशील. डोस्क्यावर घे." तिनं आपली चुंबळ काढून त्यांच्या डोक्यावर ठेवली. सिग्नलचा हवालदार डोक्यावर घागर घेऊन टेकाड चढला.

त्यानंतर बैलगाड्या येत राहिल्या आणि रिकाम्या परतत राहिल्या. "आदी माजं घर," एवढंच उत्तर. पाइप चढला, टाकी बसली, डबा तरंगला. पहिल्यांदा पाणी आलं तेव्हा काकी तोटीजवळ पाटावर बसली होती. तिनं खरोखरच एका बोटानं तोटी फिरवली. पाणी हातावर घेतलं, म्हणाली, "लय गार हाय," आणि किती तरी वेळ ते नुसतं वाहू दिलं. एरवी थेंब सांडला तरी ती ओरडायची. आळीतल्या बायका रांगेनं तोटी फिरवून गेल्या. घरी जाऊन त्यांनी नवऱ्यांना सांगितलं, आपल्यात बी बसवा. नवरे म्हणाले, बघू, ऊस तुटल्यावर. ऊस त्यानंतर बऱ्याचदा तुटला.

मी पुढं जतकडं कामाला गेले. तिकडं टँकरभोवती बायकांच्या घागरींची रांग बघताना मला तात्यांचा डबा आठवायचा. ते गेल्याचं मला उशिरा कळलं. सकाळी पारावर बसल्या बसल्या गेले. जो पार त्यांना हसला, त्याच पारावरच्या माणसांनी त्यांना घरी आणलं. दार उघडंच होतं.

यंदा गावी गेले. खाली मळ्यात मोटरी आपोआप सुरू होतात, आपोआप बंद पडतात. कुणी त्याला नवल म्हणत नाही. विहिरीवरून घरात येणारं पाणी गावात अजून एकाच घरी आहे. पत्रक पुन्हा काढावं लागणार, मथळा बदलायची गरज नाही.

सांजेला काकीकडं बसले होते. ती थकली आहे, पण हिंडून फिरून आहे. अंधारून आलं तशी मी उठून बटणाकडं गेले.

"हात लावू नगंस," काकी म्हणाली.

मी परत येऊन बसले. कोनाड्यातलं घड्याळ टिकटिकत होतं. सकाळी त्याला चावी आता तीच देते, तिनं सांगितलं. थोड्या वेळानं गजर ठणाणला, दोरा ताणला गेला, बटण खाली आलं. वीज होती. काकी उठली नाही. बसल्या जागी तिनं हात जोडले.