चार्जिंगच्या खोलीतली वहिनी

आमच्या बॅटरीच्या दुकानाची पाटी वडिलांच्या नावाची, काउंटरमागची खुर्ची दादाची आणि काम वहिनीचं. मी धाकटा. गिऱ्हाइकाच्या गाडीतून बॅटरी काढून आणायची आणि परत नेऊन बसवायची, एवढीच माझी अक्कल, आणि तीही वहिनीनेच दिलेली. नव्या बॅटरीच्या खोक्यात माहितीपत्रक येतं. आम्ही बापलेक ते चहाच्या कपाखाली घ्यायचो. वहिनीने ते वाचलं, आणि पुढची अकरा वर्षं त्यावर आम्ही जेवलो.

दुकानामागची चार्जिंगची खोली तिची. आत शिरायच्या आधी अंगठी, बांगड्या काढून कपाटात ठेवायची, गॉगल चढवायची, हातमोजे घालायची आणि खिडकी सताड उघडायची. टर्मिनलवर धरलेली हिरवट पांढरी पावडर सोड्याच्या पाण्याने घासून काढायची, पुसून कोरडं करायची आणि वर व्हॅसलीनचं बोट फिरवायची. एकदा घाईत मी बॅटरीत नळाचं पाणी ओतायला निघालो, तर तिने माझं मनगटच धरलं.

"भाऊजी, डिस्टिल्ड वॉटर संपलं असेल तर थांबायचं. बॅटरी बोलत नाही म्हणून तिला काहीही पाजायचं का?"

मायनसची वायर सोडताना आधी, लावताना शेवटी, हे तर तिने माझ्याकडून इतकं घोकून घेतलं होतं की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी बरोबर सांगितलं असतं.

गिऱ्हाईक मात्र तिला कधी काही विचारायचं नाही, दादाला विचारायचं. मग दादा काहीतरी निमित्त काढून मागे यायचा, हळूच तिला विचारायचा आणि बाहेर जाऊन तेच भारदस्त आवाजात सांगायचा. "तुमचा हात लागला की गाडी चालूच होते," असं म्हणत लोक त्याची पाठ थोपटायचे, आणि तो ती थोपटून घ्यायचा. हे बघून मला हसू यायचं. आता त्या हसण्याचीच चीड येते.

त्या दुपारी एका कारखानदाराचा ड्रायव्हर बॅटरीसाठी ताटकळला होता. वहिनीने नुकताच चार्जर बंद करून गॉगल काढला होता आणि ती पदराने घाम पुसत होती.

"अजून बुडबुडे येतायत," तिने आतूनच सांगितलं. "गॅस जाऊ दे. अर्धा तास कुणी हात लावू नका."

ड्रायव्हरसमोर बायकोने थांबवलेलं दादाला कसं खपणार? "थांबा हो, मी बघतो," म्हणत तो तडक आत गेला. ओठांत पेटलेली सिगारेट तशीच. या खोलीत काडीसुद्धा ओढायची नाही, हे वहिनीने त्याला किती वेळा सांगितलं असेल, त्याला गणती नाही. तो उघड्या झाकणांवर वाकला.

"अहो, सिगारेट!" ती ओरडली. दादाचा शर्ट मागून धरून तिने त्याला ओढला आणि त्या ओढाओढीत स्वतः पुढे आली.

बॅटरी फुटली. मी दारातच उभा होतो.

दादा शर्ट झटकत बाहेर पळाला. वहिनी चेहऱ्यावर हात धरून म्हणाली, "भाऊजी, मला नळाखाली न्या." मी दवाखाना, दवाखाना करत होतो. "आधी पाणी. वीस मिनिटं. मी थांबा म्हटलं तरी थांबू नका," ती म्हणाली. तसंच केलं. डावा डोळा त्या पाण्यानेच वाचला, असं डॉक्टर नंतर म्हणाले. उजवा गेला.

पंधरा दिवसांनी वहिनी घरी आली. वडिलांनी सगळ्यांना समोर बसवलं. दादाने सांगितलं, "चार्जर चालू असताना हिने वायर ओढली. ठिणगी उडाली. मी वाचवायला गेलो."

"चार्जर बंद होता," वहिनी म्हणाली. "यांच्या तोंडात सिगारेट होती. भाऊजी दारातच होते, त्यांना विचारा."

वडील माझ्याकडे वळले. "ती म्हणते ते खरं असेल, तर उद्यापासून किल्ली तिच्या हातात आणि याने दुकानात पाय ठेवायचा नाही. नसेल, तर तिने यापुढे घरी बसायचं. बोल."

दादा माझ्याकडे पाहत होता. लहानपणी अशा नजरेनंतर कानाखाली बसायची. मी चौतीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप, आणि माझा हात आपोआप कानाकडे गेला. पुढे जे बोललो त्याला आजही मी सबब शोधतो आणि एकही धड सापडत नाही. मी भित्रा होतो, एवढंच.

"माझं लक्ष नव्हतं," मी म्हणालो.

"मग झालं तर," वडील उठले. "उद्यापासून मागची खोली तू बघ."

दादाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. डोळ्यावरची पट्टी सारखी करत वहिनी उठली आणि आत जाता जाता माझ्यासमोर थांबली.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुमचे तर दोन्ही शाबूत आहेत."